अर्जात राहिलेला शब्द

अर्जावर सही माझी होती, माहिती तिची. वर्तमानपत्रात हीच पद्धत असते. बातमी ज्याच्या नावावर छापून येते तो एक आणि ती ज्याने दिली तो दुसरा. पहिल्याने एवढंच सांभाळायचं, की दुसऱ्याचं नाव कुठे बाहेर पडू द्यायचं नाही. मी एका मराठी दैनिकात एकतीस वर्षं उपसंपादक होते. त्या काळात माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही मजकुरातून असं नाव बाहेर पडलं नाही. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी पडलं. ते कसं पडलं, ते क्रमाने लिहिते आहे.

आमची इमारत विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात. चार मजले, लिफ्ट नाही. मागच्या बाजूला बैठी चाळ आहे. त्या चाळीत ती राहायची आणि सकाळी नऊ ते बारा आमच्या कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून कोपऱ्यावर मासे विकायची. मी तिला मावशी म्हणायचे. वयाने ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असावी. पण मासेवालीला मावशी म्हणणं ही नात्याची हाक नसते, धंद्याची असते. ती मला बाय म्हणायची, आणि तू. इमारतीत मला तू म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मूळची ती वसईच्या किल्ल्यालगतच्या पाचूबंदरची. नवऱ्याने होडी सोडून कारखान्यात नोकरी धरली तेव्हा त्यांनी इथे खोली घेतली. नवरा वारला, खोली राहिली, आणि ती पुन्हा माशांकडे वळली. पाचूबंदरच्या घरात तिची जाऊ होती. रोज सकाळी धक्क्यावर लिलाव लागला की दोघी मिळून माल उचलायच्या आणि तिथेच जमिनीवर वाटे करायच्या. जाऊ वसईच्या बाजारात बसायची, ही आणखी तिघींबरोबर टेम्पो करून विरारला यायची. दोघींची लग्नं एकाच मांडवात, एकाच दिवशी, दोन सख्ख्या भावांशी झाली होती. लिलावात त्या एकमेकींशिवाय कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. हे ती अभिमानाने सांगायची आणि पाठोपाठ जावेची चेष्टा करायची, "तिला मासळीचा डोळा कळतो, मानसाचा नाय कळत."

तिच्या बोलण्यात तारीख नसायची. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास समुद्राला मोठी भरती येते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद होतं, त्याला ओढ राहत नाही आणि जाळ्यात फारसं काही लागत नाही, तो भांग. महिन्यातून दोनदा हे, दोनदा ते. ती उधाणाला उधान म्हणायची. तिच्या लेकीचा जन्म भांग उतरता उतरता झाला होता आणि नवरा उधानाच्या तोंडावर गेला होता. मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, पण हे दोन शब्द असे रोजच्या वापरात मी तिच्याकडूनच ऐकले. मला ते फार आवडायचे. हे आधीच नोंदवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

चाळीची शेवटची खोली बरीच वर्षं बंद होती. ती एका एजंटने भाड्याने लावली. चार पुरुष राहायला आले. भांडी नाहीत, गादी नाही, बाई-माणूस नाही. दुपारी तिथे मोटरसायकली यायच्या. येणारा इंजिन बंद करायचा नाही. खिडकीतून काहीतरी घ्यायचा आणि निघायचा. काही दिवसांनी त्यात कॉलेजातल्या मुली दिसू लागल्या. चाळीतल्या बायकांनी त्या टोकाच्या नळावर जाणं सोडलं. एका रिक्षावाल्याने त्या चौघांना हटकलं, तर सकाळी त्याच्या रिक्षाची सीट ब्लेडने उभी चिरलेली मिळाली. नशेच्या पुड्यांचा धंदा चालला आहे, हे सगळ्यांना कळत होतं. आमच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला.

"पोलिसांत जायला पाहिजे."

"कोण जाणार?"

"सेक्रेटरी जातील."

"का? सेक्रेटरीला बायकापोरं नाहीत?"

"मग आपल्या पेपरवाल्या बाई आहेत की. त्यांना ना पोरं, ना रिक्षा."

सगळे हसले. मीही हसले. पुढचा विषय पाण्याच्या टाकीच्या सफाईचा होता.

त्यानंतर एका दुपारी मावशी माझ्याकडे आली. ती कधी तीन मजले चढून येत नसे. मासे हवे असले की मी खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायचे. त्या दिवशी हातात मांदेलीचं पातेलं होतं. "साफ करून देते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. चार-पाच मांदेली साफ झाल्यावर तिने मान वर न करता विचारलं, "बाय, तू पेपरात होतीस ना? तुला लिवता येतं."

"काय लिहायचंय?"

"पोलिसाला. पन माझं नाव नको."

मग तिने सांगितलं. भांगाच्या दिवसांत माल कमी मिळतो, त्यामुळे तिचा थर्माकोलचा बर्फाचा खोका अर्धाअधिक रिकामा असतो. ते त्या लोकांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्यातल्या एकाने एका दुपारी तिच्या दारात येऊन खोका उघडला, तळाशी काळी प्लास्टिकची पिशवी ठेवली आणि वर बर्फ लोटला. "मावशी, संध्याकाळपर्यंत राहू दे. तुझ्या खोक्यात कोण हात घालायला येणार?" पहिल्यांदा ती काही बोलली नाही. दुसऱ्या भांगाला तो पुन्हा आला. जाताना त्याने तिच्याकडचा एक बोंबील उचलून वास घेतला आणि "ताजा आहे हां," म्हणाला.

"म्हंजे आता मी पन त्यांच्यातली झाले का गं?"

"नाही."

"आनि पोलिसाने खोका उघडला तर?"

मी उठून पातेल्यात पाणी घातलं.

"बघ. तुला पन ठाव हाय." तिने एका मांदेलीचं डोकं मोडलं. "ही खोली नि तो कोपरा, एवढंच माझं हाय. ते ऱ्हाऊ दे. बाकी काय पन लिव."

"तुमचं नाव येणार नाही," मी म्हणाले. "माझ्याकडून कधी कोणाचं आलेलं नाही."

तिने मान डोलावली. तिला ते पुरेसं होतं. मांदेली साफ करून ती गेली आणि मी त्याच संध्याकाळी अर्जाला बसले.

दोन दिवस लागले. डेस्कवर आम्ही टोळी हा शब्द आरोपपत्र दाखल होईपर्यंत वापरत नसू, म्हणून मी 'संशयास्पद हालचाली' लिहिलं. 'चाळीतील रहिवासी' काढून 'परिसरातील नागरिक' केलं. बर्फाचा खोका काढला. खरं तर तक्रारीचं मर्म तेच होतं, पण खोका म्हटला की मासे आले आणि मासे म्हटले की ती आली. 'एका महिलेने पाहिले' याऐवजी 'पाहण्यात आले' केलं. कर्मणी प्रयोगाला मी नोकरीभर नावं ठेवली होती. इथे तो कामाचा होता.

राहिल्या तारखा. तिने नऊ प्रसंग सांगितले होते, सगळे भरतीच्या मापाने. कुठला भांगाच्या आधल्या दिवशी, कुठला उधाण ओसरल्यावर. मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, तिथी पाहिल्या आणि एकेक प्रसंग तारखेत उतरवला. आठ उतरले. नवव्या ओळीत 'भांगाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी' हे शब्द तसेच राहिले. मी तो अर्ज तीनदा वाचला. प्रूफ वाचताना चूक सापडते ती शब्द डोळ्यांना परका वाटला तर. हा शब्द मला परका राहिला नव्हता.

आमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात मी दुपारी गेले. हवालदार मध्यमवयीन होते, बोलण्यावरून घाटावरचे. अदबीने वागले. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मागच्या बाकावर एक माणूस फाइल मांडीवर घेऊन बसला होता. भाडेकरूंच्या नोंदणीचे कागद घेऊन अशी माणसं तिथे रोज येतात. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विसरले.

हवालदार अर्ज मोठ्याने वाचू लागले. अनेकांना मोठ्याने वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. आमच्या ऑफिसातही असे दोघे होते. मनात वाचा, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

"'भांगाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी...'" ते थांबले. "भांग पण विकतात का हे?"

बाकावरचा माणूस हसला.

टाइप करताना चूक झाली, एवढं म्हणून मी तिथे तारीख घालू शकले असते. ती तारीख मला पाठ होती. पण चुकीच्या अर्थाने वाचलेला शब्द माझ्याच्याने तसा सोडवला नाही. तो सोडायचा नाही याचाच मी एकतीस वर्षं पगार घेतला होता.

"ती भांग नाही," मी म्हणाले. "हा भरती-ओहोटीतला. अष्टमीच्या सुमाराला समुद्राचं पाणी मंद असतं ना, त्या दिवसांना कोळी लोक भांग म्हणतात."

"असं होय!" हवालदार म्हणाले. "आमच्याकडं समुद्रच नाही, मॅडम. आमचा भांग एक तर केसातला, नाहीतर होळीतली."

मी हसले. त्यांनी त्या शब्दावर पेन्सिलीने तारीख लिहून घेतली, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला, आणि साहेबांना दाखवतो, कुणाला काही बोलू नका, असं सांगितलं. बाहेर पडले तेव्हा मला बरं वाटत होतं. काम झाल्याचं समाधान होतं. त्यात एक शब्द कुणाला तरी नीट समजावून दिल्याचं समाधानही होतं, हे मी लपवत नाही.

बाकावरचा माणूस म्हणजे ती खोली भाड्याने लावणारा एजंट. आमच्या गल्लीत सावंतवाडीचे, चिपळूणचे, साताऱ्याचे, जळगावचे, उत्तरेतले, असे सगळे आहेत. कोळीण एकच होती.

पाचव्या दिवशी सकाळी त्या चौघांपैकी दोघे कोपऱ्यावर येऊन तिच्या दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून उभे राहिले. मी नुकतीच पिशवी सोडली होती, ती अर्ध्यावर लोंबत होती. एकाने वाकून पाटीत पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "काय मावशी, आज भांग की उधाण?"

दुसरा हसला. तिने वर पाहिलं नाही. कोयतीवर धरलेला मासा तिने तसाच धरून ठेवला, कापला नाही. मी दोरी वर ओढून घेतली.

दुपारी ती आली. या वेळी बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"बाय, ह्यो शबुद त्यांना कुटून गावला?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

हे खोटं होतं. दोरी ओढता ओढताच मला बाक, फाइल आणि ते हसू आठवलं होतं. दुपारपर्यंत मी खाली जाऊन पानवाल्याला विचारलंही होतं, खोलीचा एजंट दिसायला कसा आहे. ती येईल हे मला ठाऊक होतं. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते हे.

ती विचार करत होती. "इथं ह्यो शबुद कोन बोलतं? कोन नाय. मी तुझ्याशी बोलले नि..." ती थांबली. "जावेशी बोलले. तिला मी सगळं सांगितलेलं. अर्ज केला, त्यात भांगाचे दीस लिवले, सगळं."

मी दाराची कडी उगाच वर-खाली केली.

"तीच. लिलावात तोंड सैल सुटलं तिचं. तिथं सतरा मानसं उभी असतात, टेम्पोवाले, बर्फवाले. तिला मानूस कळतच नाय, मी सांगत होते ना तुला?"

ती हे माझ्याकडे पाहून बोलत होती. मला नाही म्हणायला एक क्षण मिळाला होता, मग आणखी एक. ती जिना उतरेपर्यंत असे कितीतरी क्षण होते. तिच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी लिलावात तिने सगळ्यांसमोर जावेला विचारलं. नंतर मला तिनेच सांगितलं. जाऊ म्हणाली, "मी नाय बोलले." एकदाच म्हणाली. पुन्हा म्हणाली असती तर आपण कदाचित ऐकलं असतं, असं मावशीला वाटत होतं. पण जाऊ फिरली आणि पाटी उचलून चालू लागली. त्या दिवशी मावशीने पहिल्यांदा एकटीने बोली लावली. तिच्या वाट्याला आलेला जवळा इतका चिखलाचा होता की विरारला तो कोणी घेतला नाही.

कोपऱ्यावर कोणी तिला मारलं नाही, धमकी दिली नाही. दोघे रोज येऊन उभे राहायचे, इतकंच. एका सकाळी ती बसायची त्या फळीवर फिनेल ओतलेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात फिनेल पाटीत पडलं, मासळीवर. कोणाच्या हातून ते कोणी पाहिलं नाही. गिऱ्हाइकं पलीकडच्या नाक्यावर जाऊ लागली. मी रोज पिशवी सोडत राहिले. एकटीच.

मग सोसायटीने सूचना काढली: कंपाउंडच्या भिंतीलगत विक्री करण्यास मनाई. सेक्रेटरी कागद घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, जरा शुद्धलेखन बघा."

"ही लावू नका."

"ते कमिटीने ठरवलंय. तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा."

"कोणामुळे लावताय ते तुम्हाला माहिती आहे."

"माहिती आहे म्हणूनच लावतोय." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हीच सांगा, तिच्यासाठी चोवीस घरांनी का भ्यायचं?"

मी कागद तसाच परत दिला. तो चुकांसकट फाटकावर लागला. मला कोणी काही केलं नाही. अर्जावर नाव माझं होतं, पत्ता माझा होता, पण माझ्या दाराची बेल एकदाही वाजली नाही. एजंटला एवढं कळत होतं की फ्लॅटमधल्या, पेपरमध्ये काम केलेल्या म्हातारीला हात लावण्यात अर्थ नसतो.

पोलिसांनी त्यांचं काम केलं, हेही लिहायला हवं. अर्जानंतर तीनेक आठवड्यांनी ते भर दुपारी आले. चाळीतली खोली रिकामी मिळाली, पण जवळच्याच एका इमारतीत माल सापडला आणि दोघांना पकडलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी होती. 'मिळालेल्या गुप्त माहितीच्या आधारे', असं तिची पहिली ओळ म्हणत होती. हे शब्द मी नोकरीत असताना असंख्य वेळा पुढे पाठवले होते. उरलेले दोघे महिनाभर दिसले नाहीत. मग दिसू लागले.

तोपर्यंत ती गेली होती. खोली तिने एका भाजीवाल्याला दिली. पाचूबंदरला घर होतं, पण ते दोन्ही भावांचं, एकाच ओसरीचं. तिथे राहायचं तर सकाळ-संध्याकाळ जावेच्या समोर. ती लेकीच्या सासरी गेली, वाडा तालुक्यात. तिथून समुद्र लांब आहे. टेम्पोत सामान चढवून झाल्यावर ती मला भेटायला वर आली. दोन मजल्यांवर थांबून थांबून आली असावी. धाप लागली होती. मी पाणी दिलं.

"तू वाईट वाटून घेऊ नको, बाय," ती म्हणाली. "तू चांगलं लिवलंस. माझंच मानूस फुटलं."

तिने पेला धुऊन पालथा घातला.

दोन महिने मी फोन करत राहिले, ती उचलत राहिली. आमचं बोलणं गोळ्यांवर आणि हवेवर चालायचं. एकदा ती म्हणाली, तिथल्या बाजारात बर्फातली मासळी येते, चार दिवसांची. लेकीच्या सासूला ती आवडते, आपल्याला नाकाजवळ नेववत नाही. जावई चांगला आहे, म्हणाली. मग म्हणाली, चांगल्या मानसाच्या घरात पन पाव्हनं किती दीस ऱ्हायचं. त्यानंतरच्या सोमवारी मी वसईला गेले आणि किल्ल्याच्या वाटेने पाचूबंदरला उतरले.

धक्क्यावरचा लिलाव उरकला होता. जावेचं घर विचारावं लागलं नाही. मावशीने वर्णन केलेली निळी खिडकी दिसली. जाऊ घरामागे बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि काठीवर टांगायचे. तिच्या हाताचा वेग मी बोलत असतानाही कमी झाला नाही. मी कोण ते सांगितलं.

"ती पेपरवाली?"

"हो."

"तिने सांगितलं असल मी बोलले म्हनून."

"तुम्ही बोलला नाहीत. मी बोलले."

तिचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. अर्ज, हवालदार, बाक, शब्दाचा अर्थ. नंतर मावशीने मला विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, तेही. जाऊ ऐकत होती. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

"आनि आज आलीस."

"हो."

तिने पदराला हात पुसले. ती मला घालवून देईल असं वाटलं. पण ती म्हणाली, "तुझ्या फोनवरून लाव तिला. माझा नाय उचलत ती. तीन महिने लावतंय मी."

मी लावला. दुसऱ्याच रिंगला मावशीचा आवाज आला, "बोल गं बाय. आज सकालीच? बरी हायेस ना?"

मी जे जावेला सांगितलं ते त्याच क्रमाने तिला सांगितलं. दुसरी कुठली पद्धत मला येत नाही: आधी काय झालं, कुठे झालं, कोण होतं. मधे एकदा फोन कट झाला की काय म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते.

"मी तुला विचारलं तवा का नाय सांगितलं?" तिने शेवटी विचारलं.

"भ्याले."

"त्या मानसांना?"

"नाही. तुम्हाला."

"ती हाय का तिथं?"

"आहेत. समोरच आहेत."

"दे तिला."

मी फोन जावेकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाला धरला. मग त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलू लागल्या. आमच्याशी बोलताना मावशी ती बोली किती गाळून घ्यायची ते मला तिथे कळलं. मला तिसरा हिस्साही समजला नाही. जाऊ आधी रागावली. कुणाच्या तरी नावाने, बहुधा दोघींच्या नवऱ्यांच्या, काहीतरी विचारत राहिली. मग वाळूवर बसली. पलीकडून काहीतरी लांबलचक येत होतं आणि ती नुसती मान हलवत होती, जणू ते तिकडे दिसणार होतं. मग ती रडत होती आणि मधेच हसली आणि पुन्हा रडली. मी काठ्यांच्या पलीकडे उभी होते. ऊन चढलं होतं.

तिने फोन परत दिला तेव्हा तो बंद झालेला होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"येते म्हनते. परवा. लिलावाला."

"आणि मला?"

जावेने टोपलीतून दोन बोंबील उचलले. एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

"तुला काय नाय म्हनली."

मी आणखी थोडा वेळ तिथेच थांबले. ती काठीच्या टोकाकडून माझ्या दिशेने सरकत येत होती, एकेक जोडी टांगत. माझ्यापाशी पोचली तेव्हा तिने हाताच्या उलट्या बाजूने मला बाजूला व्हायची खूण केली. माझी सावली बोंबलांवर पडत होती.